साइनच्या खांद्यावरचा दोन

"बाबा, साइन स्क्वेअर थर्टी किती?" लेकीनं विचारलं. ती दहावीत, त्रिकोणमितीत साइन म्हणजे कोनाचं एक गुणोत्तर. मी आमटीभात कालवत होतो. "सोप्पंय!" म्हणून बसलो, ही माझी जुनी खोड.

वहीत साइनच्या खांद्यावर बारीकसा दोन बसलेला, पुढे तीस अंश. आता हा दोन कुणाचा? तिसाचा असणार. तिसाचा वर्ग नऊशे, नऊशे अंशांचा साइन शून्य. कॅल्क्युलेटरनंही मान डोलावली. पुस्तकामागचं उत्तर मात्र 1/4.

"अरे, आधी साइन काढायचा, मग त्याचा वर्ग. तिसाचा साइन अर्धा, म्हणून अर्धा गुणिले अर्धा."

"मग कंस करून बाहेर दोन लिहायला हात दुखतात?"

"कंसाचा कंटाळा येतो म्हणून तर असं लिहितात."

"बरं. म्हणजे तिथे वजा एक असला की एक भागिले साइन."

"नाही! तेव्हा साइनवरून कोन शोधायचा."

जागा तीच, भाडेकरू बदलला की कायदा बदलतो.

निदान पडताळा तरी करू म्हणून मोबाइलवर तिसाचा साइन काढून वर्ग केला. 0.976. पाव कुठे आणि हे कुठे! कोपऱ्यात किडामुंगीच्या अक्षरात 'रॅड' लिहिलेलं. मोबाइल तीस अंशांऐवजी तीस रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरंच एकक, धरून बसला होता.

अब्रू वाचवायला मी इतिहासात शिरलो. आर्यभटानं 499 साली 'ज्या'चं, म्हणजे आजच्या साइनचं, कोष्टक दिलं. ज्या म्हणजे जीवा. अरबीत गेल्यावर तिचं कुणीतरी 'जैब' वाचलं, म्हणजे कपड्याची घडी. लॅटिनमध्ये त्याचंच भाषांतर झालं 'सायनस'. अख्खा शब्द चुकीच्या वाचनातून आलाय, मी एक दोन चुकलो तर एवढं काय?

"परीक्षेत हे विचारत नाहीत," लेक म्हणाली आणि तिनं कोष्टक पुरं केलं. शून्य, तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद अंश. साइनचे वर्ग मोठ्यानं वाचले: शून्य, एक चतुर्थांश, एक द्वितीयांश, तीन चतुर्थांश, एक.

लसूण सोलता सोलता आई म्हणाली, "सरळ पाव, अर्धा, पाऊण, एक म्हण की." तिला अजून पावकी-निमकी पाठ आहे. "आणि पुढे? सव्वा, दीड?"

"नाही गं आजी, एकाच्या वर जातच नाही."

"मग कसलं मेलं ते दुकान," म्हणत आईनं पुढची पाकळी उचलली.