वहीतला आकडा आणि ‘होय / नाही’चे दोन चौकोन

आज सकाळी कार्यालयात पोहोचले तेव्हा पहिलाच ईमेल आमच्या एका परदेशी खरेदीदाराच्या अनुपालन विभागाकडून आलेला होता. सोबत एका ऑनलाइन अर्जाची लिंक होती आणि तो संध्याकाळी पाचपर्यंत भरून पाठवावा, अशी सूचना होती. अर्जातला सातवा प्रश्न असा होता: ‘तुमच्या कंपनीत आणि तुमच्या पुरवठा साखळीत कोठेही सक्तीचे श्रम, वेठबिगारी किंवा आधुनिक गुलामगिरी नाही, याची तुम्ही खात्री देता का?’ उत्तरासाठी ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते. गेली तीन वर्षे हा अर्ज मीच भरते आहे आणि तिन्ही वर्षे मी ‘होय’वर खूण केली आहे. या वर्षी मात्र हात थांबला, कारण त्याच कंपनीच्या खरेदी विभागाचा चार दिवसांपूर्वीचा ईमेल त्याच्या अगदी खाली दिसत होता. प्रत्येक नगाचा दर आणखी कमी करावा आणि माल ठरलेल्या तारखेच्या अकरा दिवस आधी पोहोचवावा, अशी मागणी त्यात होती.

ही दोन पत्रे मी एकापाठोपाठ एक कितीदा वाचली, ते सांगता येणार नाही. दर कमी झाला आणि मुदत आखडली की आम्ही शिलाईचे काम बाहेर देतो, ज्याला देतो तो ते आणखी पुढे देतो, आणि शेवटी ते अशा एखाद्या मुकादमाकडे पोहोचते ज्याच्याकडे रात्रंदिवस राबणारी माणसे तयार असतात. ती माणसे तयार का असतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांनी उचल घेतलेली असते.

सातवा प्रश्न वाचला की मला बारा वर्षांपूर्वी भेटलेला एक मुलगा आठवतो. तेव्हा मी दुभाषी म्हणून काम करत होते. एका मोठ्या खरेदीदाराच्या वतीने कपड्यांच्या एका कारखान्याची तपासणी करायला दोन ऑडिटर आले होते आणि कामगारांशी बोलता यावे म्हणून त्यांनी मला सोबत घेतले होते. कोणाशी बोलायचे त्याची यादी व्यवस्थापकाने आधीच करून ठेवली होती. मुलाखतीची खोली त्याच्या केबिनला लागून होती आणि मधली भिंत काचेची होती. चौथ्या क्रमांकावर जो मुलगा आला तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि ती फेडण्यासाठी तो तिथे कामाला आला होता. त्याचे ओळखपत्र हरवू नये या कारणास्तव कार्यालयाच्या कपाटात ठेवलेले होते. काम सोडून जाता येते का, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘हिशेब संपला की जाईन.’ त्यावर ऑडिटरने पुढचा प्रश्न विचारला आणि मी तो जसाच्या तसा त्याच्या भाषेत सांगितला: ‘तुला जाऊ देत नाहीत, याचा तुझ्याकडे काही लेखी पुरावा आहे का?’

त्याने काचेकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. ‘वही त्यांच्याकडे असते,’ तो म्हणाला.

आजवर या विषयावर जे कायदे झाले, त्यांतला प्रत्येक कायदा वाचताना मी एकच गोष्ट शोधत आले आहे. पुरावा कोणी द्यायचा, त्या मुलाने की वही ज्याच्या हातात आहे त्याने? या एका प्रश्नावर कायदा खरा आहे की दाखवण्यापुरता आहे ते ठरते, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटनचा आधुनिक गुलामगिरी कायदा २०१५ चा. आमच्याकडे येणारा हा अर्ज त्याच्याच कलम ५४ मधून निपजलेला आहे. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीने गुलामगिरी रोखण्यासाठी काय केले याचे दरवर्षी एक निवेदन काढायचे, संचालक मंडळाने ते मंजूर करायचे, एका संचालकाने त्यावर सही करायची आणि ते संकेतस्थळावर ठेवायचे, एवढे हे कलम सांगते. निवेदनात ‘आम्ही या बाबतीत कोणतीही पावले उचललेली नाहीत’ असे लिहिले तरी कायद्याचे पालन झाले असे मानले जाते. निवेदनच काढले नाही तर सरकार न्यायालयाकडून तसा आदेश मिळवू शकते, पण त्या कलमात दंड नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये याच धर्तीवर कायदा केला, उलाढालीची मर्यादा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर ठेवली आणि दंडाची तरतूद त्यांनीही केली नाही. या कायद्यांमुळे संचालकांच्या बैठकीत ‘गुलामगिरी’ हा शब्द निदान उच्चारला जाऊ लागला, एवढे श्रेय मी त्यांना देते. त्याहून अधिक मला देववत नाही. त्या मुलाला यातून काय मिळाले? त्याच्या मालकाच्या गिऱ्हाइकाच्या संकेतस्थळावर एक पान वाढले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली आहेत. त्यांपैकी लैंगिक शोषण वगळून खासगी क्षेत्रात राबणारी माणसेच १ कोटी ७३ लाख आहेत. याच संघटनेने १९३० मध्ये सक्तीच्या श्रमाची व्याख्या केली, तिचे सार असे की शिक्षेचा धाक दाखवून घेतलेले आणि माणसाने स्वखुशीने न दिलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम. साखळदंडाचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. आपल्याला मात्र अजूनही साखळदंडच शोधायची सवय आहे. ओळखपत्र काढून घेणे, पगार अडकवून ठेवणे, कर्जात अडकवणे ही सगळी लक्षणे त्या संघटनेने लिहून ठेवली आहेत, आणि त्या खोलीत त्यांतली दोन लक्षणे माझ्यासमोर खुर्चीवर बसलेली होती.

कर्ज कसे वाढते ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. उचल घेताना मिळालेला आकडा एक असतो आणि वहीत लिहिलेला आकडा दुसरा असतो, कारण प्रवासखर्च आणि मुकादमाची दलाली त्यात आधीच मिळवलेली असते. मग खोलीचे भाडे, जेवण, आजारपणात बुडालेले दिवस, मोडलेली सुई, खराब झालेला नग हे सगळे त्यात जमा होत जाते. माणूस दिवसाला बारा-चौदा तास काम करतो आणि महिनाअखेरीस आकडा होता तिथेच असतो किंवा थोडा वर गेलेला असतो. त्याला मारहाण करावी लागत नाही. दारावर पहारेकरीही लागत नाही. वही पुरते.

आणि हे सगळे कळत असताना आपण ऑडिटवर विश्वास ठेवतो, याचा मला संताप येतो. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे सामाजिक मानकाचे प्रमाणपत्र २०१२ च्या ऑगस्टमध्ये मिळाले आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला तिथे लागलेल्या आगीत २५० हून अधिक कामगार मेले, कारण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायचे मार्ग बंद होते. प्रमाणपत्राची शाई वाळायच्या आत ती माणसे जळाली, असे मी लिहिले तर ते भडक वाटेल, पण मला दुसरे शब्द सुचत नाहीत. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते आणि तरीही कामगारांना आत पाठवण्यात आले. पगार कापला जाईल हा धाक होता. वर दिलेली १९३० ची व्याख्या पुन्हा एकदा वाचून पाहा.

राणा प्लाझानंतर काही देशांना निवेदनांचा फोलपणा कळला, हे मान्य करायला हवे. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांबाबतही दक्षता बाळगण्याचे कर्तव्य टाकले आणि त्यात कसूर होऊन नुकसान झाले तर भरपाई मागण्याचा मार्ग खुला केला. जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला, आणि त्यात मोठ्या कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असाच एक व्यापक कायदा मंजूर केला, पण २०२५ मध्ये उद्योगांवर ओझे पडते म्हणून त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. ओझे नेमके कोणाच्या पाठीवर आहे, हे ठरवायला त्या मुलाला कोणी बोलावले नव्हते.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. सक्तीच्या श्रमाने बनवलेला माल आयात करायला तिथे १९३० पासूनच बंदी होती, परंतु देशातली गरज भागण्याइतका माल देशात बनत नसेल तर ती बंदी लागू होत नसे. ही पळवाट २०१६ मध्ये बंद झाली. त्यानंतर चीनच्या शिनजियांग प्रांतातील मालासाठी जो कायदा झाला आणि जून २०२२ पासून लागू झाला, त्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर सरळ उलटे करून टाकले. तिथून आलेला माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नसेल तर आयातदाराने ते सिद्ध करायचे असते. यामागे अमेरिका आणि चीन यांचे राजकारण आहे, हे खरे आहे. गृहीतक एका प्रांतापुरते ठेवले की बाकीचे जग निर्दोष ठरते, हेही खरे आहे. तरीही सिद्ध करण्याची जबाबदारी बलवानावर टाकता येते आणि तसे केल्याने व्यापार कोसळत नाही, एवढे त्यातून दिसून आले आहे.

मला सर्वांत जास्त दुःख याचे होते की हा विचार आपल्याकडे फार आधी झालेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीच्या बदल्यात राबण्याचे सगळे करार रद्द ठरवले आणि ते कर्जच संपुष्टात आणले. त्याच कायद्याचे कलम १५ सांगते की एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे, असे कामगाराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोची आहे. म्हणजे वही ज्याची, पुरावाही त्यानेच द्यायचा. पुढे १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हेही सक्तीचे श्रम ठरवले, कारण भूकही माणसावर सक्ती करते. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती भगवती यांनी ते ओळखले होते. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात तर न्यायालयाने असेही म्हटले की मजूर सक्तीने राबतो आहे हे दिसले की तो उचलीपोटीच राबतो आहे असे गृहीत धरावे, आणि ते खोडून काढण्याचे काम मालकाचे आणि सरकारचे आहे.

इतका स्वच्छ विचार कागदावर असताना त्या कायद्यातील शिक्षा मात्र जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि २,००० रुपये दंड एवढीच ठेवली गेली. आणि साखळीच्या वरच्या टोकाला बसलेल्या खरेदीदाराला तो कायदा स्पर्शही करत नाही. तो मुकादमापर्यंत पोहोचतो, फार तर कारखानदारापर्यंत. ज्याच्या दरामुळे आणि ज्याच्या तारखेमुळे मुकादमाची गरज निर्माण झाली, तो कायद्याच्या दृष्टीने केवळ गिऱ्हाईक असतो. एका बाजूला वरपर्यंत पोहोचणारे पण बहुतेक दात नसलेले परदेशी कायदे आहेत आणि दुसऱ्या बाजूला नेमका प्रश्न ओळखणारा पण तळाशीच थांबणारा आपला कायदा आहे. दोन्ही एकत्र आणायला कोणाची हरकत आहे, ते मला खरोखर समजत नाही.

कडक कायदे झाले तर खरेदीदार गरीब प्रदेशांतून मागणीच काढून घेतील आणि लहान कारखाने बंद पडतील, असे आमचे संचालक आज दुपारी मला म्हणाले. तसे होऊ शकते, हे मी नाकारत नाही. परंतु माणूस गहाण ठेवल्याशिवाय जो दर परवडत नाही, तो दर चुकीचा आहे.

लिहिता लिहिता राग थोडा निवला आहे, म्हणून त्या मुलाविषयी राहिलेले सांगते. मुलाखत संपल्यावर उठताना तो मला म्हणाला होता, ‘ताई, वहीत किती राहिलेत तेवढं विचारून सांगाल का?’ मी ते ऑडिटरला सांगितले. वैयक्तिक कर्ज तपासणीच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर मिळाले, आणि मी ते उत्तरही त्याला जसेच्या तसे सांगितले. अहवालात त्या रकान्यापुढे ‘त्रुटी आढळली नाही’ असे लिहिले गेले. निघताना आम्ही व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये चहा घेतला तेव्हा लाल कापडी बांधणीची एक वही टेबलावर होती. ती तीच होती की नाही, हे मला ठाऊक नाही. मी हात पुढे करून ती उघडली नाही. दुभाष्याचे ते काम नव्हे, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली होती आणि बारा वर्षांत ती समजूत एकदाही टिकलेली नाही.

आज पाच वाजायला दहा मिनिटे असताना मी ‘नाही’वर खूण केली, आणि खाली कारण लिहिण्यासाठी जागा उघडली तेव्हा लिहिले की शिलाईचे काम आम्ही ज्या तीन ठिकाणी देतो त्यांच्याकडे कामगार कोणत्या अटींवर राबतात हे आम्ही कधी तपासलेले नाही, सूत कोठून येते ते आम्हाला सांगता येणार नाही, आणि आपण मागितलेल्या दरात व मुदतीत माल द्यायचा तर आम्हाला चौथे ठिकाण शोधावे लागेल. तो मजकूर मी दोन्ही विभागांना पाठवला आहे. त्यानंतर त्या तिन्ही ठिकाणी पाठवायची एक प्रश्नावली तयार करायला घेतली. ओळखपत्रांचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला प्रश्न असा आहे की उचलीचा आकडा कामगाराला दर महिन्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला जातो का, आणि नसेल तर ती वही आम्हाला कधी पाहता येईल?

खरेदीदाराच्या दोन्ही विभागांपैकी कोणाचेही उत्तर अजून आलेले नाही.