चिरंजीवांना कॅप्टन कसे करावे

एडिसन, न्यू जर्सी किंवा तत्सम पुण्यक्षेत्री राहणाऱ्या आणि पोरगं नववीत गेल्यापासून झोप उडालेल्या पालकहो, कॉलेजच्या प्रवेशासाठी एसएटी परीक्षा, एसएटी परीक्षा करणं आता पुरे. पंधराशेच्या वर मार्क तर शेजारच्या पटेलांच्या मुलालाही आहेत. आपल्या बाळ्याला कॅप्टन करा. कशाचा, ते नंतर बघू.

खेळ निवडताना बाळ्याला विचारू नये. तो बास्केटबॉल म्हणेल. तिथली मुलं उंच असतात आणि त्यांना खेळताही येतं. आपलं तिथं काय काम? त्यापेक्षा क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानातलं लांब पल्ल्याचं धावणं, बरं. बऱ्याच शाळांत या टीममधून कुणाला काढत नाहीत. धापा टाकत का होईना, चार वर्षं चिकटून राहिलं की को-कॅप्टनपदाची आशा धरता येते. ऐपत असेल तर फेन्सिंग, स्क्वॉश किंवा रोइंग. रोइंगमध्ये कॉक्सवेन नावाचं एक फार सुंदर पद असतं. त्यानं वल्हं मारायचं नाही, सुकाणू धरून बसायचं आणि बाकीच्यांवर ओरडायचं. मंडळाच्या कार्यकारिणीत आपण वर्षानुवर्षं हेच केलंय, तेव्हा गुण रक्तातच आहेत.

आता कॉमन ॲप, म्हणजे कॉलेजप्रवेशाचा सामाईक ऑनलाइन अर्ज. त्यात उपक्रमांच्या दहा जागा. प्रत्येक ठिकाणी पदासाठी ५० अक्षरं आणि वर्णनासाठी १५०. ‘व्हर्सिटी को-कॅप्टन’, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाचा सह-कर्णधार, आरामात मावतं. टीममध्ये एकूण किती को-कॅप्टन आहेत, असा रकानाच नाही. बाटल्यांत पाणी भरलं असेल तर ‘संघाच्या जलव्यवस्थापनाचं नेतृत्व’ म्हणावं. पहाटे साडेपाचला त्याला उठवणं, बूट शोधणं, टीमला मेल पाठवणं, गाडीतच पोहे भरवणं हे सगळं आईनं केलं. पण आईला कॉमन ॲपमध्ये जागा नाही, सबब हे सगळं बाळ्याच्या नावावर टाकावं.

काही नतद्रष्ट सांगतील की खरा फायदा कॉलेजच्या कोचनं आपल्या संघासाठी हेरलेल्या, म्हणजे रिक्रूट केलेल्यांनाच होतो. लक्ष देऊ नका. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात आकडे बाहेर आले, त्यांत अशा खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाल्याचं दिसलं, आणि बाकीच्यांत शंभरातल्या पाच-सहा जणांना. कोच पोराचं टायमिंग बघतो. छातीवरचा कॅप्टनचा ‘सी’ बघून त्याला पाझर फुटत नाही. पण एवढं वेगानं पळायला बाळ्याला खरोखर पळावं लागेल, आणि मग केमिस्ट्रीच्या क्लासचं काय?

आडमार्गानं मात्र जाऊ नये. रिक सिंगर नावाच्या सल्लागारानं कोचना पैसे चारून न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू म्हणून आत ढकललं. एका अभिनेत्रीच्या मुलींचे तर रोइंग मशीनवर बसवून फोटो काढले, पाण्याला हातही न लावता. २०१९ मध्ये भांडं फुटलं आणि २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. केवढा हा अडाणीपणा! तेच पैसे खासगी कोच, क्लबची फी, उन्हाळी कॅम्प आणि प्रवेश-सल्लागार यांच्यात रीतसर वाटले असते, तर पावती मिळाली असती.

शेवटचा धोका घरातच असतो. काही शाळांत टीम मतदान करून कॅप्टन निवडते. तुम्ही सगळ्या टीमला पिझ्झा खिलवलेला असतो, आणि बाळ्या घरी येऊन सांगतो, ‘‘बाबा, मी मार्कसला मत दिलं. तो सगळ्यांसाठी थांबतो.’’ अशा वेळी आरडाओरडा करू नये. ६५० शब्दांचा निबंध अजून लिहायचाच आहे; विषय घ्या ‘पराभवातून मी काय शिकलो’. फक्त सल्लागाराकडे पाठवण्यापूर्वी एकदा वाचून बघा. हरल्याचं त्याला अजिबात वाईट वाटलं नाही, असं कार्टं प्रामाणिकपणे लिहून मोकळं झालेलं असतं.