पिकअप ट्रक घेऊ इच्छिणाऱ्यांस हितोपदेश

अमेरिकेत राहता आणि नवाकोरा पिकअप ट्रक घ्यायचं मनात आहे? उत्तम. फक्त ट्रकची गरज आहे म्हणून ट्रक घ्यायला जाऊ नका. गरजवंत गिऱ्हाईक दारातून आत येताच सेल्समनला कळतं, आणि मग तुमचं काही खरं नाही.

आधी किमतीबद्दल. जाहिरातीतली किंमत वाचून आनंदी व्हायचं असतं. त्या किमतीला ट्रक मागणं म्हणजे ‘या हो कधीतरी घरी’ म्हणणाऱ्याकडे बॅगा घेऊन थडकणं. फोर्डने जून २०२१ मध्ये छोटा मॅव्हरिक आणला. हायब्रिड, आणि सुरुवात १९,९९५ डॉलरपासून. त्यावर कारखान्यातून पोहोचवणावळ १,४९५ डॉलर, म्हणजे वीस हजारांच्या आतला ट्रक जागच्या जागी साडेएकवीस हजारांना भिडला. तरी लोक असे तुटून पडले, की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने त्या वर्षाच्या मॉडेलच्या ऑर्डरी घेणंच थांबवलं. पुढच्या मॉडेलच्या ऑर्डरींची खिडकी सप्टेंबरात उघडली आणि जेमतेम आठवडाभरात मिटली. तुम्ही त्या आठवड्यात ‘जरा विचार करून सांगतो’ म्हणाला असाल तर चांगलंच झालं. विचार करायला पुढे भरपूर वेळ मिळाला. २०२५ च्या मॉडेलची सुरुवात २६ हजारांच्या पुढे गेली होती.

फोर्डचाच विजेवरचा एफ-१५० लाइटनिंग तर अभ्यासालाच ठेवावा असा. मे २०२१ मध्ये जाहीर झाला तेव्हा सर्वांत साध्या मॉडेलची किंमत ३९,९७४ डॉलर. मार्च २०२३ मध्ये ५९,९७४. बरोब्बर वीस हजारांची वाढ, म्हणजे जाहिरातीतला एक अख्खा मॅव्हरिक, आणि वर पाच डॉलर सुट्टे. मग जुलैत किंमत जवळपास दहा हजारांनी खाली आली. मधल्या चार महिन्यांत ज्यांनी घेतला, त्यांना या विषयावर काही विचारू नका. माणसं चांगली असतात, उगाच तोंड कडू करतात.

म्हणून माझा सल्ला असा, की ट्रक घेऊ नये, बुक करावा. परवडणारी अशी अवस्था तेवढीच आहे. टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सायबरट्रक दाखवला, तेव्हा किंमत सांगितली ३९,९०० डॉलरपासून आणि बुकिंग फक्त शंभर डॉलर, तेही परत मिळणारे. (त्याच कार्यक्रमात न फुटणारी काच सगळ्यांदेखत फुटली. शुभशकुन कुणाला दिसतो, कुणाला नाही.) पहिले ट्रक गिऱ्हाइकांच्या हाती पडले ३० नोव्हेंबर २०२३ ला. तोवर चार वर्षं शंभर डॉलरात ‘माझा सायबरट्रक येतोय’ म्हणायची सोय होती. ना विमा, ना हप्ता, ना पार्किंग. ट्रक खरंच आला तेव्हा सर्वांत स्वस्त मॉडेलची किंमत ६०,९९० निघाली, आणि तेही पुढे २०२५ मध्ये मिळणार होतं. ज्यांचा नंबर आधी लागला त्यांच्यापुढे एक लाख डॉलरला दहा कमी अशी खास आवृत्ती ठेवली गेली. नंबर लागणं वाईटच.

त्याहून काटकसरी असाल तर स्लेट हा विजेवरचा छोटा ट्रक पाहा. एप्रिल २०२५ मध्ये बुकिंग सुरू झालं, पन्नास डॉलर. रंग नाही, रेडिओ नाही, काचा हाताने फिरवून खाली करायच्या. विजेवरच्या गाड्यांना मिळणारी सरकारी सवलत धरून वीस हजारांच्या आत, असं सांगितलं गेलं. सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, ट्रक अजून कारखान्यातही नव्हता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

‘मग बाहेरच्या देशांत मिळतात तसले छोटे, स्वस्त, दणकट ट्रक इथे का आणत नाहीत?’ असं विचारणार असाल तर उत्तर ‘कोंबडी’ असं आहे. साठच्या दशकात फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकन कोंबडीवर कर बसवला. अध्यक्ष जॉन्सन यांनी चिडून ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयात कर ठोकला. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, बाकीच्या वस्तूही सुटल्या. ट्रकवरचा कर तेवढा राहिला. हप्ता भरताना त्या कोंबडीचं स्मरण ठेवावं.

इतकं सांगूनही शोरूममध्ये जाणारच असाल, तर तिथे काचेवर किमतीचा कागद असतो. १९५८ च्या कायद्याने नव्या मोटारींवर तो लावावाच लागतो. पण त्यावरची किंमत कंपनीने नुसती ‘सुचवलेली’ असते आणि सुचवलेलं ऐकलंच पाहिजे असं डीलरवर बंधन नाही. म्हणून शेजारी दुसरा, जरा लहान कागद असतो. त्यात ‘मार्केट ॲडजस्टमेंट’, म्हणजे मागणी आहे म्हणून वर लावलेली रक्कम असते, रंगावरचं संरक्षक लेपन असतं आणि टायरांत नायट्रोजन भरल्याचे पैसे असतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो, हे तिथे बोलू नका. उरलेल्या २२ टक्क्यांची किंमत ते मोजून दाखवतील.

फायनान्सवाल्या टेबलाशी एकूण किमतीचा विषय काढणं असंस्कृतपणाचं आहे. तो विचारेल, ‘महिन्याला किती जमेल?’ तुम्ही आकडा सांगा. आकडा कितीही लहान असो, तो महिने वाढवून बसवतो. ८४ महिने म्हणजे सात वर्षं. आज पहिलीत गेलेलं पोर आठवीत जाईल तेव्हा ट्रक तुमचा.

आणि हवा तसाच ट्रक ऑर्डर करायचा हट्ट असेल, तर ऑर्डर गेली म्हणजे ट्रक बनायला लागला असं समजू नका. डीलरच्या वाट्याला किती गाड्या येणार हे वर ठरतं, त्यात तुमचा कागद कुठे बसतो हे तो ठरवतो. बनला तरी निघेलच असं नाही. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून फोर्डने बनवलेले ट्रक केंटकीतल्या मोटार शर्यतीच्या मैदानाबाहेर ओळीने उभे करून ठेवले होते.

समजा, एवढं सगळं होऊन ट्रक दारात आला. तरी त्यात सामान घालायचा मोह टाळा. प्लायवूडची शीट आठ फुटांची असते. चार दारांच्या ट्रकचा हौदा बहुधा साडेपाच फूट, मॅव्हरिकचा साडेचार. शिवाय ओरखडा पडेल, आणि सात वर्षं तो बँकेच्या मालमत्तेवरचा ओरखडा असेल. शीट आणायचीच असेल तर हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात तासावर भाड्याने ट्रक मिळतो, तो घ्या. तो आधीच चेपलेला असतो, हौदा लांब असतो, आणि बुकिंग, नंबर, खिडकी असलं काही नसून तो बाहेर पार्किंगमध्ये उभा असतो.