दहाचा एक द्या

"एकच?" पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, तेही मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

हो, एकच. दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मखरातले दिवे मला एटीटायनी८५ या चिपवर चालवायचे होते. आठ पाय, ८ केबी मेमरी, लुकलुकायला रग्गड. तिला यूएसबी नाही, म्हणून घरातला आर्डुइनो उनो, म्हणजे यूएसबीवरून प्रोग्राम घेणारा तयार बोर्ड, मध्यस्थ म्हणून बसवून त्याच्याकरवी प्रोग्राम चढवायचा. उनोच्या १० ते १३ या पिनांवरून चार वायरी, वर पाच व्होल्ट आणि ग्राउंड. गोम अशी, की संगणकाने पोर्ट उघडला रे उघडला की उनो रिसेट होतो आणि आपण नुसते मध्यस्थ आहोत हे विसरून प्रोग्राम स्वतःच घ्यायला बसतो. मग पडद्यावर 'नॉट इन सिंक'ची माळ, पार 'अटेम्प्ट १० ऑफ १०' पर्यंत. हे टाळायला उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये हा कपॅसिटर लावतात. प्लस रिसेटला, मायनस ग्राउंडला. शिकवणारे हे अगदी शेवटी, जाता जाता सांगतात.

"दहाचा?" शेजारी मिक्सरचं भांडं कडेवर घेऊन उभे असलेले एक आजोबा म्हणाले. "अहो, पंख्याला अडीचचा लागतो."

"पंख्याला नकोय."

"मग कूलरला?"

"नाही. एका बोर्डावरून दुसऱ्या चिपमध्ये प्रोग्राम टाकायचाय."

"पहिल्यावर चालत नाही?"

"चालतो की."

"मग तिथेच चालवा!"

"तो मोठा आहे. मखरात अडकून पडेल."

"मग आधी मोठा आणलात कशाला?"

याला उत्तर नव्हतं. काउंटरवाला हातातलं काम सोडून ऐकत होता.

"तो रिसेट होतो," मी नेट लावला. "होऊ नये म्हणून कपॅसिटर."

"बटण कोण दाबतं?"

"कुणी नाही. संगणक."

"मग त्याला सांगा ना, दाबू नको म्हणून." आजोबांनी भांडं दुसऱ्या कडेवर घेतलं. "अडीचचाच न्या. दहाचा लावलात तर पंखा जाईल."

"सुटा देत नाही," काउंटरवाल्याने निकाल दिला. "पाकीट घ्या, शंभर नगांचं."

घेतलं. काय करणार? आजोबांनी वर त्यातला एक मागून घेतला. घरात असावा म्हणे. मला खरंच राग आलाय. ज्या गल्लीत सुटे पार्ट मिळतात म्हणून धडपडत जायचं, तिथेच सुटा पार्ट मागणाऱ्याला भिकाऱ्यासारखं वागवतात, आणि मग हीच मंडळी 'लोक सगळं ऑनलाइन मागवतात' म्हणून रडतात.

कपॅसिटर लावला तरी सुटका नाहीच. उनोमध्ये आधी जो प्रोग्राम भरायचा त्याचं नाव 'आर्डुइनोआयएसपी'. पण संगणकावरच्या आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्रामरच्या यादीत 'आर्डुइनोआयएसपी' निवडायचं नाही; तिथे 'आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी' निवडायचं. या बोर्डाचं नाव इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका बारवरून ठेवलंय. मेनूतली नावंही तिथेच बसून ठेवली असावीत, आणि बरीच रात्र झाल्यावर. चिपची ओळख सांगणारी सही नीट वाचता आली नाही की हे सॉफ्टवेअर चक्क 'याइक्स!' म्हणून किंचाळतं. एवढं दचकायचं असेल तर दुरुस्तीच्या कामात पडावंच कशाला?

अखेर प्रोग्राम चढला. दिवे लागले, पण सेकंदाला लुकलुकायचे ते आठ सेकंदांनी. कारण ही चिप कारखान्यातून एक मेगाहर्ट्झच्या वेगावर लावून येते आणि माझा प्रोग्राम आठचा हिशोब धरून बसलेला. ते बदलायला 'बर्न बूटलोडर' दाबायचं. त्याने बूटलोडर नावाचा प्रोग्राम बर्न होत नाही, फक्त फ्यूज, म्हणजे चिपच्या आतल्या सेटिंग्ज, बदलतात. सरळ 'फ्यूज बदला' असं लिहायला कुणाचं काय जात होतं?

मी चिप काढायला हात घातला तर आई म्हणाली, "राहू दे. गेल्या वर्षीच्या चिनी माळेने डोळे दुखायचे. हे बरं आहे." आणि शेजारच्या काकूंना सांगून आली, मुद्दाम सावकाश बनवलेत म्हणून.