रॉड कसला ऑगस्टात, झणझण आली एप्रिलमध्ये: एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की निम्मी चूक माझीच आहे, म्हणून जरा लांबलचकच लिहून राहिलोय, कंटाळा आला तर थेट मोजमापावर या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगून देतो. गिटारचा सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवणं, घरीच कसा करावा ही माझी पोस्ट वाचून काकांनी ऑगस्टात नातीच्या अकूस्टिक गिटारचा ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळी, अर्धा फेरा कसला. तेव्हा तारा छान खाली आल्या, नात खूश. आता एप्रिलमध्ये पहिल्या तीन-चार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कुठेही बोट ठेवा, तार घासून झणझण. काकांचं म्हणणं, ज्याचं काम त्यालाच साजतं, लोकांना घरी बसून चीरफाड शिकवणं बंद करा.

आधी माझी चूक. पोस्टमध्ये एक वाक्य होतं, ‘ॲक्शन जास्त वाटली तर रॉड थोडा कसून बघा.’ ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. हे वाक्य चूक आहे, सरळ चूक. रॉड ॲक्शनसाठी नसतोच. सहा तारा मिळून मानेला सत्तर किलोच्या वर ओढत असतात, म्हणजे एक धडधाकट माणूस लटकलाय असं समजा, त्या ओढीने मान पुढे वाकते आणि रॉड तिला मागे धरून ठेवतो. मान अगदी फूटपट्टीसारखी सरळही नको, कारण तार हलते तेव्हा तिला मधे जागा लागते. ती जी हलकीशी कमान, तेवढंच रॉडचं काम. ॲक्शन ठरते तारा ज्या दोन पट्ट्यांवर टेकतात तिथे: पोटाकडची सॅडल आणि मानेच्या टोकाचं खाचांचं नट.

आता तुमच्याकडे काय झालं असावं ते बघा. ऑगस्टात आपल्या इंदूरला मिठाच्या बरणीत चमचा अडकतो, आमच्या देवघराचं दार तर दिवाळीपर्यंत नीट लागत नाही. गिटारचं लाकूड वेगळं थोडंच आहे? पोटाची पुढची फळी ओल पिऊन फुगते, तिच्यावर चिकटवलेला ब्रिज (तारा अडकवायचा ठोकळा, सॅडल यातच बसते) वर उचलला जातो, तारा उंच होतात. म्हणजे दुखणं पोटात होतं आणि तुम्ही, माझ्या कृपेने, औषध मानेला दिलं. कमान निघून गेली, तारा थोड्या उतरल्या, काम झाल्यासारखं वाटलं. एप्रिलमध्ये गरम कोरडी हवा सुटली, फळी सुकून खाली बसली, तिच्याबरोबर ब्रिजही. तारा आपोआप खाली आल्या, आणि मानेत कमान तर शिल्लकच नाही. मग फ्रेटला घासणार नाही तर काय करणार!

चांगली बातमी ही की पहिल्या चार-पाच फ्रेटवरच झणझण म्हणजे बहुतेक वेळा रॉड जास्त कसलेला असतो, आणि ते उलटं फिरवून सुटतं. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नटची खाच खोल गेलीय. बाराव्याच्या पुढे आवाज येत असेल तर वेगळी भानगड.

मोजायचं असं. तारा नेहमीच्या सुरात लावलेल्या हव्यात, सैल तारांवर मोजून काही उपयोग नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मान जिथे पोटाला मिळते त्या फ्रेटवर, बहुतेक चौदाव्या, जाडी तार बोटाने दाबा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मधली फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी. यासाठी गिटारचं महागडं किट मागवू नका, गाडीचे टॅपेट सेट करणारा मिस्त्री जे फिलर गेज, म्हणजे मापाच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, वापरतो तेच, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. तेही नको असेल तर झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद जवळपास ०.१ मिमीचा असतो, दोन कागद एकावर एक ठेवून फटीत सरकवा, तार न उचलता जेमतेम गेले की समजा जमलं. तुमच्याकडे आज एकसुद्धा जाणार नाही अशी माझी पैज.

मग रॉड फिरवायचं नट (खाचांचं नव्हे) आपल्या तोंडासमोर येईल अशी गिटार धरा आणि किल्ली घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, पावच. परत सुरात लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी मोजा, लागलं तर परत थोडं. किल्ली मात्र बरोब्बर मापाची हवी. काही गिटारींना इंचाच्या मापाची ॲलन की लागते, ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, तिथे ५ची आत जात नाही आणि साडेचारची जाते पण फिरते आणि रॉडच्या नटचे कोपरे खाऊन टाकते. रॉड हटूनच बसला तर जोर लावू नका, तिथे थांबायचं.

कमान नीट झाल्यावर मगच बाराव्या फ्रेटवर ॲक्शन मोजा, जाड्या तारेखाली अडीच मिमीच्या आसपास, बारक्या तारेखाली पावणेदोन-दोन. अर्धा मिमी कमी करायची असेल तर सॅडल एक मिमी घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मधोमध असतो. काचेवर रेगमाल ठेवून, खालच्या बाजूने घासायची. आणि हे पावसाळ्यात कधीच करू नका, नाहीतर उन्हाळ्यात परत मला शिव्या द्याल.

राहिलं ‘ज्याचं काम त्यालाच’. फ्रेट घासून एका पातळीत आणणं, उखडलेला ब्रिज, आतली सुटलेली पट्टी, इथे मी तुमच्या बाजूने आहे, मीही हात लावत नाही. पण रॉड फिरवायचं नट कंपन्यांनी मुद्दाम ठेवलंय. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूने १९२१ साली ज्या रॉडच्या पेटंटसाठी अर्ज केला तो फिरवता यावा म्हणूनच होता. आपल्याकडची हवा वर्षातून दोनदा पलटी मारते, दर वेळी गिटार दुकानात नेणार का? मी एकदा दिली होती, अकरा दिवसांनी मिळाली, सॅडल इतकी घासलेली की चार दिवसांत नवी घालावी लागली. तेव्हापासून घरीच करतो. आणि माझा हातही सोन्याचा नाही बरं का. वेल्डिंगवाल्यांच्या टिप क्लीनरने (बारीक खरखरीत तार) खाचांच्या नटमधली ‘G’ तारेची खाच मोठी करायला गेलो आणि आईने चहाला हाक मारली तेवढ्यात एक घासणी जास्त पडली. मग तिच्याच डब्यातला खायचा सोडा खाचेत भरला, वर फेविक्विकचा एक थेंब, दगड झाला, परत घासली. आईला सोड्याचं अजून सांगितलेलं नाही.

पोस्टमधलं ते वाक्य खोडलंय, पुसलं नाही, खाली दुरुस्ती लिहिलीय. तुम्ही फट किती आली ते इथेच कळवा. फक्त कूलर सुरू करायच्या आधी मोजा, आणि नंतर गिटार कूलरच्या खोलीत ठेवू नका, एका आठवड्यात सगळे आकडे बदलतील.