‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं’ म्हणणाऱ्यांना

गल्लीच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून उगवतो. शब्द इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच राहतो: ‘ओला-सुका वेगळा करणं हे निव्वळ नाटक आहे. घंटागाडीत सगळं एकत्रच पडतं. तिकडे स्वीडन दुसऱ्या देशांचा कचरा विकत घेऊन वीज करतो आणि आपण बसलोय दोन-दोन डबे सांभाळत. प्लास्टिक तर भंगारवाले नेतात, ते सगळं रिसायकल होतंच. आपल्याकडे हे वर्गीकरण-बिर्गीकरण कधी होणार नाही. घरपट्टी भरतोय, वर कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला? जागे व्हा, पुढे पाठवा.’ खाली चार जोडलेले हात.

एकेक घेऊ. पहिल्यावर जरा जास्त वेळ लागेल, कारण त्यात खरं आहे.

‘घंटागाडीत सगळं एकत्रच पडतं’

पुष्कळदा पडतं. बऱ्याच शहरांत पडतं आणि ते नाकारून कुणाचं भलं होणार नाही. पण का पडतं, ते हा मजकूर सांगत नाही. गाडीला मध्ये पत्रा घालून दोन कप्पे केलेले असतात. सुका कचरा वजनाला हलका, पण जागा खाणारा. पुठ्ठ्याची चार खोकी आली की त्याचा कप्पा अर्ध्या फेरीतच काठोकाठ. उरलेल्या गल्ल्यांचा सुका मग कुठे जाणार? शेजारच्या कप्प्यात. म्हणजे काही ठिकाणी हा माणसांचा आळस नसतो, कप्प्याचं मापच चुकलेलं असतं.

दुसरं कारण पैशाचं आहे. कचरा वाहतुकीचा ठेका जिथे टनावर असतो, तिथे वजनकाट्यावर जेवढा भार जास्त तेवढं बिल जास्त. ओला कचरा जड असतो, त्याच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठाही जड होतो. अशा करारात कचरा वेगळा ठेवायला कुणाला काय पडलंय? घरीच खत करणारं कुटुंब तर या हिशोबात तोट्याचं गिऱ्हाईक. मजकूर लिहिणाऱ्याने राग काढायचाच होता तर इथे काढायला हवा होता. त्याने तो काढला तुमच्या ओट्याखालच्या डब्यावर.

बरं, गाडीत मिसळतंय असं धरून चालू. तरी घरात वेगळं केलेलं वाया जातं का? गाडीवरचे लोक फिरता फिरता बाटल्या, पुठ्ठा, पत्रा बाजूला काढून पोत्यात भरतात, हे आपण रोज बघतो. तो त्यांचा वरकमाईचा भाग आहे. कोरड्या पिशवीत आलेला माल उचलला जातो. आमटीत बुडालेला नाही. तेलकट, खरकटं लागलेला कागद कागदाच्या गिरणीला नको असतो, त्यामुळे भंगारात त्याला भाव येत नाही. आणि फुटलेला काचेचा ग्लास भाताच्या पिशवीत घालून देणाऱ्याने, तो कुणाच्या हाताला लागणार आहे, एवढं तरी मनाशी म्हणावं. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्या, असं २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत लिहिलं गेलं ते याच हातांसाठी.

आता ओल्याकडे येऊ. समडोळी रस्त्याचा आणि बेडग रस्त्याचा कचरा डेपो सांगली-मिरजेत कुणाला सांगावा लागत नाही. मिश्र कचरा ढिगात कुजतो तेव्हा आत हवा पोहोचत नाही. हवेविना कुजताना मिथेन तयार होतो, आणि १०० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. त्यातच सुकं प्लास्टिक असलं की आगीला निमित्त पुरतं. तळातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत जातं. तोच ओला कचरा निव्वळ ओला आला, वर-खाली केला, हवा लागू दिली, तर त्याचं खत होतं.

खत होतं म्हणजे कुणीतरी ते घेतलंही पाहिजे. तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार आपल्या बागेत काय टाकतोय याबाबत किती काटेकोर असतो, हे इथे वेगळं सांगायला नको. निर्यातीच्या मालाची औषधांच्या अंशासाठी तपासणी होते. काचेचे तुकडे आणि शाम्पूच्या पुड्या असलेलं शहरी खत तो बांधावरही उतरवून घेणार नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष आहेत: किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅमपर्यंत, कॅडमियम ५ मिलिग्रॅमपर्यंत. एकदा सेल, ट्यूबलाइट आणि रंगाचे डबे ओल्यात कालवले की हे आकडे चाळण मारून खाली येत नाहीत. चाळणीने दगड निघतो. मिसळलेला धातू कसा निघणार?

‘स्वीडन कचरा विकत घेतो’

उलट आहे. कचरा पाठवणारा स्वीडनला पैसे देतो. नॉर्वे आणि ब्रिटनमधून तिथे कचरा गेला, तो विल्हेवाटीचं शुल्क भरून गेला. स्वीडनने जळण्याजोगा कचरा जमिनीत पुरायला २००२ मध्ये बंदी केली, सेंद्रिय कचऱ्याला २००५ मध्ये. त्यांच्या भट्ट्यांमधून वीज निघते हे खरं, पण मोठा वाटा उष्णतेचा. ती नळांतून घराघरांत जाते आणि हिवाळ्यात खोल्या गरम ठेवते. एप्रिलमध्ये सांगलीच्या विश्रामबागेत गरम पाण्याचे नळ फिरवून खोल्या तापवायची योजना कुणाला हवी असेल तर हात वर करा.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि तो साखर कारखान्यांच्या आपल्या सांगली जिल्ह्यात समजावायला सोपा आहे. बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यात, साधारण ५० टक्के पाणी असतं. तरी त्यावर बॉयलर चालतात, कारण इंधन एका जातीचं असतं आणि भट्टी त्याच्यासाठीच बांधलेली असते. भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न यांत पाणी ७०-८० टक्क्यांच्या घरात असतं. आपल्या शहरांतल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास हाच माल. म्हणजे आधी पाणी उकळवायला उष्णता घाला आणि मग उरलेल्यातून वीज काढा. आपल्या २०१६ च्या नियमांनीही किलोमागे १५०० किलोकॅलरीहून जास्त उष्मांक असलेला, रिसायकल न होणारा कचरा जाळून ऊर्जा काढायला सांगितलं. तो उष्मांक यायचा कुठून? सुका कोरडा राहिला तर येणार.

आणि जाता जाता: त्याच स्वीडनमध्ये २०२४ पासून घरातला अन्नाचा कचरा वेगळा देणं सक्तीचं आहे. मजकुरातला आदर्श देशही दोन डबे सांभाळत बसलाय.

‘प्लास्टिक सगळं रिसायकल होतंच’

बाटलीखालच्या त्रिकोणी बाणांमुळे हा समज पसरतो. ते चिन्ह १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने आणलं. आतला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याची बाटली. तिला गिऱ्हाईक आहे, तिचा धागाही होतो. २ म्हणजे शाम्पूची, फिनेलची जाड बाटली, तीही चालते. दुधाची पिशवी ४ मध्ये मोडते. धुऊन, वाळवून, गठ्ठा करून दिली तर भंगारवाला घेतो, आंबूस वासाची असेल तर नाक मुरडतो.

वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र कुणी घेत नाही. त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करायचा खर्च मालापेक्षा जास्त येतो. बिस्किटाचं वेष्टन, मसाल्याची पुडी, टूथपेस्टची नळी यांचं बहुधा हेच. त्यांची वाट फार तर सिमेंटच्या भट्टीपर्यंत, तीही कोरडी राहिली तर. ‘भंगारवाले नेतात’ हे वाक्य अर्धं खरं आहे: ज्याला भाव आहे तेच ते नेतात. बाकीचं गटारीत तुंबतं.

भंगार गोळा करणाऱ्यांचा उल्लेख या मजकुरात येतो तो असा, फुकटचे नोकर असल्यासारखा. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. तिथे या कामाला कामाचा दर्जा मिळवायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

‘आपल्याकडे हे होणार नाही’

स्वीडनचं उदाहरण द्यायचं आणि पुढच्याच श्वासात ‘आपल्याकडे होणार नाही’ म्हणायचं, ही सोय चांगली आहे. स्वीडनला जायची गरज नाही, एसटीने कराड गाठा. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिलं आलं. २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातलं विटा पहिलं. २०२२ मध्ये पाचगणी. तीन वर्षं ओळीने सातारा-सांगलीतलीच गावं. सर्वेक्षणाच्या गुणांवर शंका घेता येते, घ्यावीही. पाहणी पथक येणार म्हटल्यावर कुठलंही गाव रंगसफेदी करतं. आणि विट्याची गणितं सांगली-मिरज-कुपवाडला जशीच्या तशी लागू होत नाहीत. तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ५ लाखांवर होती. पण अडचण आकाराची आहे असं म्हणणं वेगळं आणि ‘आपली माणसंच तशी’ म्हणणं वेगळं. विट्यातली माणसं काही बाहेरून आणलेली नाहीत.

‘घरपट्टी भरतोय, वर वेगळे पैसे कशाला?’

या वेगळ्या पैशांची, म्हणजे वापरशुल्काची, तरतूद देशभरासाठीच्या २०१६ च्या नियमांतच आली. एखाद्या शहरापुरती काढलेली ती शक्कल नाही. पैसे मागितल्यावर ‘बदल्यात काय’ असं विचारायचा आपला हक्क मात्र शाबूत आहे, आणि तो वापरला जात नाही याचं मला खरंच नवल वाटतं. बहुतेक शहरांत कचऱ्यावरचा मोठा खर्च गोळा करण्यात आणि वाहून नेण्यात जातो, प्रक्रियेवर त्यामानाने कमी. म्हणजे आपण मुख्यतः डिझेलचे पैसे देतो. गाडी ओल्या कचऱ्यातलं पाणी भरून शहराबाहेर नेते, त्या पाण्याचं भाडंही आपणच भरतो. ओला कचरा सोसायटीच्या आवारातच जिरवला तर ते भाडं वाचेल. मग शुल्कात तशी सूट मागा. ही मागणी ‘पैसेच देणार नाही’पेक्षा नगरसेवकाला जास्त अडचणीची आहे.

तेव्हा मजकूर पुढे पाठवण्याऐवजी माहिती अधिकारात एक अर्ज टाका. वाहतुकीच्या ठेक्याची करारप्रत, गेल्या वर्षभराच्या वजनकाट्याच्या नोंदी आणि त्यात ओला किती, सुका किती हे वेगळं लिहिलंय का, एवढं मागा. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींचे पैसे वेगळे पडतील.