आप्पांच्या शोकसभेत राहून गेलेले

आज संध्याकाळी लालबागला आमच्या सोसायटीच्या सभागृहात आप्पांची शोकसभा झाली आणि तिथून परतल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चार वक्ते बोलले आणि चौघेही १९७१ च्या युद्धावरच बोलले. १० डिसेंबरच्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपुरातून निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी सैन्याला पहिल्या मराठा बटालियनने, म्हणजे आप्पांच्या जंगी पलटणीने, कसे अडवले आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर कसे पडले, हे सारे सांगून झाले. ते खरे आहे आणि त्याचा आम्हांला अभिमानही आहे. पण माझे वडील त्या एका रात्रीपुरतेच होते का?

आजच्या इमारतीच्या जागी तेव्हा चाळ होती. १९७९ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालेले आप्पा फोर्टातल्या एका बँकेत सुरक्षारक्षक म्हणून लागले. रोज रात्री जेवणे आटोपली की ते गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून आम्हा तिघा भावंडांचे शाळेचे बूट घेऊन बसत. शिवणीत अडकलेली माती काडेपेटीच्या काडीने काढायची, पॉलिश लावून ब्रश मारायचा आणि शेवटी जुन्या बनियनच्या तुकड्याने घासायचे, हा क्रम कधी चुकला नाही. त्याआधी आमच्यासाठी वडील म्हणजे ५६ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावरून येणारे आंतर्देशीय पत्र आणि वर्षाकाठी मिळणारी सुट्टी. घराबाहेर गेलेली ती वर्षे ते त्या बुटांवर फेडत होते, असे मला आता वाटते.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काकांचे काम गेले ते कायमचेच. त्यांचे बिऱ्हाड आमच्या एका खोलीत आले. आप्पा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री गॅलरीत तीनाऐवजी पाच जोड बूट मांडलेले होते, इतकेच. याला पदक मिळत नाही, म्हणून हे व्यासपीठावरून सांगायचे नाही?

वक्त्यांना बुटांची गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते, हे मान्य. मग विचारायचे तरी. आई पहिल्याच रांगेत बसली होती.

सभेत आप्पांचा गणवेशातला फोटो ठेवला होता. घरी भिंतीवर लावण्यासाठी आईने दुसराच काढून दिला आहे. माझ्या चुलत भावाने काढलेल्या त्या फोटोत आप्पा मांडी घालून गॅलरीत बसले आहेत, एक हात बुटात घातलेला आहे आणि कुणीतरी हाक मारल्यासारखे ते वर पाहत आहेत.